ग्राहकाचे म्हणणे

बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी वीज चोरणारी शेकडो माणसं पाहिली. तारेवर आकडा टाकणारी, मीटरला वळसा घालणारी, चाकावर लोहचुंबक ठेवून वर देवाचा फोटो लावणारी. पण घरात साडेनऊ रुपयांना मिळणारं युनिट सोडून तेच युनिट हायवेवर एकतीस रुपयांना विकत घेणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते माझ्याच घरात निघालं.

मी जगन्नाथ पिसाळ, मुक्काम कराड. वीज कंपनीच्या भरारी पथकातून सात वर्षांपूर्वी, दोन हजार बत्तीस साली निवृत्त झालो. भरारी पथक म्हणजे न सांगता छापा घालून वीजचोरी पकडणारी माणसं. छाप्यात ग्राहक हात जोडून म्हणायचा, "साहेब, मी काही केलेलं नाही." मी म्हणायचो, "बरं." आणि टॉर्च लावून मीटरच्या पेटीमागं बघायला लागायचो. शंभरातल्या नव्वद वेळा काहीतरी सापडायचं. उरलेल्या दहा वेळा आपल्यालाच नीट शोधता आलं नाही, असं मी धरून चालायचो.

सुनेनं, केतकीनं, दोन वर्षांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. ती आणि माझा मुलगा तुषार यांच्या दोघांच्या नावावर आहे. तुषार चाकणला नोकरीला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. केतकी इथंच इस्लामपूर रोडच्या माती परीक्षण केंद्रात, जाईल त्या दिवशी जाऊन-येऊन चव्वेचाळीस किलोमीटर. मी पार्किंगच्या खांबावर चार्जर बसवून घेतला, त्याला वेगळा मीटर लावला आणि मीटरला शिशाचं सील ठोकलं.

"बाबा, घरातल्या घरात सील कशाला?" केतकीनं विचारलं होतं.

"शिस्त म्हणून," मी म्हणालो.

रोज सकाळी मी मीटरचा आकडा वहीत लिहितो. श्रावणात वही चाळताना मला खटकलं. केतकी केंद्रात गेलेल्या दिवशी सहा, सव्वासहा, फार तर साडेसहा युनिटं. कुणाकडं लग्नाला गेलो, बाजार केला, कुणाला स्टँडवर सोडलं, तरी आकडा तेवढाच. खरा मीटर कधी इतका सरळ नसतो, तो खालीवर होतो. आकडा फार शहाण्यासारखा वागायला लागला की समजावं, त्याला कुणीतरी शिकवलंय.

टायर बदलायचेत असं निमित्त काढून मी गाडीचे एकूण किलोमीटर बघून आलो. महिन्याला सव्वातीनशे किलोमीटर जास्तीचे निघाले. तेवढं अंतर चालायला गाडीनं वीज कुठूनतरी प्यायलीच असणार. घरातनं नाही, तर बाहेरनं.

दरातला फरक ही काही लूट नव्हे, हे मला कळतं. घरी गाडी सात-आठ तास निवांत भरते. हायवेवरचा तो कपाटाएवढा खांब तेवढीच वीज वीस-पंचवीस मिनिटांत गाडीत ओततो. त्यासाठी स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागतो, जाड केबल लागते, वीज खपो न खपो ठरावीक आकार भरावा लागतो. शिवाय जागेचं भाडं आणि कर. मुंबई-बेंगळूरु निघालेला माणूस ते पैसे देतो, कारण त्याला इलाज नसतो. पण ज्याच्या पार्किंगमध्ये स्वतःचा चार्जर आहे त्यानं तिप्पट पैसे का मोजावेत? माझ्या नोकरीनं मला याचं एकच उत्तर शिकवलं होतं. माणूस विनाकारण जास्त पैसे देतो तो काहीतरी झाकायला.

नाश्त्याच्या वेळी मी सरळ विचारलं. "केतकी, गाडी बाहेर चार्ज करतेस का कुठं?"

तिचा पोह्यांचा चमचा क्षणभर थांबला. "एखाद्या वेळेस, बाबा. लॅबमधनं निघायला उशीर झाला तर."

"उशीर झाला तर घरी येऊन लावायची. हायवेला थांबून आणखी उशीर कशाला करायचा?"

"लक्षात नाही राहत ओ," ती म्हणाली.

माझी बायको मालन मध्येच म्हणाली, "चहा टाकू का अजून थोडा?" आणि उत्तराची वाट न बघता आत गेली. तिच्या पायांत नवे कॅनव्हासचे बूट होते. चार महिन्यांपासून ती ते घालत होती, गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी सांगितलंय म्हणाली होती. घरात बूट घालून फिरणारी मालन बघून मला हसू यायचं.

केतकी मंगळवारी आणि शुक्रवारी घरूनच काम करते. त्याच दोन दिवशी मी दहा ते एक पेन्शनर संघात असतो. हे दोन कागद मी एकावर एक ठेवले. तुषार पाच दिवस चाकणला, मी तीन तास बाहेर. मी मालनला विचारलं, "मंगळवारी केतकी घरातच असते ना?"

"असती की. त्या लॅपटॉपपुढनं हलत नाही," ती म्हणाली, माझ्याकडं न बघता.

सून सासूच्या डोळ्यांत धूळ फेकते आहे, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

रफीक मुलाणीचं जुन्या गाड्यांचं गॅरेज कोल्हापूर नाक्यावर आहे. त्याच्याकडं ते नवं यंत्र आलं होतं. कागदोपत्री त्याचं नाव काहीतरी लांबलचक आहे, लोक त्याला 'बॅटरीची कुंडली' म्हणतात.

"बसा साहेब," रफीक म्हणाला. "जुनी गाडी घ्यायचीय काय?"

"घरचीच बघायचीय. नक्की काय काय कळतं यात?"

त्यानं समजावलं ते मला चटकन कळलं, कारण शेवटी तोही एक मीटरच आहे. बॅटरी पहिल्यांदा भरली की आतल्या पत्र्यावर एक पातळ थर धरतो. पुढं प्रत्येक भरण्या-उतरण्याला त्यावर आणखी कण बसत जातात, रोज तापवलेल्या दुधावर सायीचा थर चढावा तसे. मंद आचेची साय वेगळी, भडक आचेची वेगळी. घरच्या चार्जरवर लिथियम सावकाश आत मुरतं. फास्ट चार्जरवर त्याला आत शिरायला सवड मिळत नाही, थोडं बाहेरच चिकटून राहतं. त्यामुळं कुठली वीज घरची आणि कुठली बाहेरची, हे वर्षानंतरही ओळखता येतं. चार वर्षांपूर्वी बॅटरी न उघडता हे थर वाचायची रीत सापडली. कमी-जास्त वारंवारतेचे बारीक प्रवाह आत सोडायचे आणि ते किती अडखळतात ते मोजायचं.

जुनी गाडी घेणाऱ्याची फसगत होऊ नये, एवढाच मूळ हेतू. पण वाचता यायला लागल्यावर माणूस थांबतो कुठं? चालवणाऱ्याचा पाय पेडलवर जसा पडतो तशी वीज उपसली जाते, आणि ती उपसण्याची रीतही त्या थरांत उमटते. गाडी किती चालली, किती वेळ उभी राहिली, चालवणारं माणूस एकच की दोन, सगळं बाहेर यायला लागलं. विमा कंपन्या कुंडली मागायला लागल्या, मग घटस्फोटाचे वकील, मग मुलीचे बाप.

"गाडीच्या ॲपला पासवर्ड असतोय साहेब, ह्या थरांना नसतोय," रफीक म्हणाला. मग आवाज उतरवून बोलला, "पर तुमी वडीलधारं हाय म्हणून सांगतो. ह्या मशिनीनं माज्या डोळ्यांदेखत तीन संसार मोडलं. त्यातली एक बाई नुसती गाडीत बसून रडायला जायची. ते मशीनला कुठनं कळणार?"

"मला फक्त खरं काय ते पाहिजे."

"मग मालकाची सही आणा. दोघांपैकी एकाची चालंल."

मी तुषारला फोन लावला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तेच वाचून दाखवलं.

"तुम्हाला काय वाटतंय पप्पा?" त्यानं विचारलं.

"मला काही वाटत नाही. मी आकडे सांगतोय."

"मी विचारू का तिला?"

"विचारलंस तर ती सावध होईल. छापा सांगून घालायचा नसतो."

आता वाटतं, त्यानं तेव्हा फोन आपटायला हवा होता. पण माझाच मुलगा तो. संध्याकाळपर्यंत त्याची सही माझ्या मोबाइलवर आली.

रविवारी अकरा वाजता रफीक यंत्र घेऊन पार्किंगमध्ये आला. मी रीतसर पंचनामा करायचं ठरवलं होतं. आता लोक मला हसतात, पण बत्तीस वर्षं मी दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं खरं-खोटं केलेलंच नाही. दोन पंच लागतात, म्हणून समोरच्या फ्लॅटमधले येवले सर आणि सोसायटीचे सेक्रेटरी बाबर यांना बोलावलं. बॅटरीच्या वॉरंटीसाठी साक्षीदार हवेत, असं त्यांना सांगितलं. जुन्या छापील फॉर्मचं पॅड माझ्याकडं अजून होतं. जागेचं वर्णन, मीटर क्रमांक, आढळलेली त्रुटी, आणि सगळ्यात खाली दोन ओळींची जागा: ग्राहकाचे म्हणणे.

केतकी तुषारबरोबर खाली आली. यंत्राची वायर गाडीत खोचलेली बघून तिनं आधी माझ्याकडं आणि मग तुषारकडं पाहिलं.

"सही कुणी दिली?" तिनं विचारलं.

तुषार गाडीच्या टायरकडं बघत राहिला. तिला उत्तर मिळालं.

रफीक वाचत गेला, मी लिहीत गेलो. आवाज बाहेर जाणार नाही इतका हळू बोलत होता बिचारा. "घरचं चार्जिंग, घरचं, घरचं. इथं फास्ट. परत घरचं. इथं फास्ट. चार महिन्यांत चौतीस वेळा फास्ट." मग थोडा थांबून म्हणाला, "चालक दोन."

बाबर पुढं सरकले. येवले सरांनी चष्मा काढून पुसला.

"दुसऱ्याचं सांग," मी म्हणालो.

"सुरुवातीला गाडी नुसती जागच्या जागी. शंभर मीटर, थांबली. दोनशे मीटर, थांबली. लई धक्के हायत. मग महिन्याभरानं सुदारणा. मग ठरल्यागत सोळा किलोमीटर जाती, एक तास चाळीस मिनिटं थांबती, सोळा किलोमीटर परत येती. मंगळवारी, शुक्रवारी."

"आणि ते फास्ट चार्जिंग?"

"येताना. हरएक येळी."

"केतकी," मी म्हणालो, आणि माझा आवाज आपोआप छाप्यातला झाला. "दुसरा चालक कोण?"

"मी सांगणार नाही, बाबा."

"केतकी, सांगून टाक ना," तुषार म्हणाला.

"तू मला विचारलं असतंस तर वर घरात सांगितलं असतं. तू सही दिलीस. आता मशीनलाच विचार."

पंच पंचासारखे उभे होते. मी पेन टेकवून मोठ्यानं म्हणत लिहायला लागलो: वाहनाचा वापर अनोळखी इसमाकडून. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. कॅनव्हासचे बूट घालून मालन खाली येत होती. तिनं साडीचा पदर खोचला होता आणि तिच्या हातात गाडीची चावी होती.

"खोडा ते," ती म्हणाली. "दुसरा चालक मी हाय."

रफीकनं यंत्राकडं असं पाहिलं, जणू त्याचाच काहीतरी गुन्हा झाला होता.

"तुला गाडी येते?" माझ्या तोंडून हेच निघालं.

"केतकीनं शिकवली. आधी मार्केट यार्डाच्या मैदानात. मग मी उंब्रजला जायला लागले, रघूदादाकडं."

रघुनाथ तिचा सख्खा भाऊ. त्याचा उंब्रजला बर्फाचा कारखाना होता. सतरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मीच त्यावर छापा घातला. मीटरला वळसा सापडला, खोटं सांगत नाही. नातेवाईक म्हणून सोडलं असतं तर बावीस वर्षांची अब्रू गेली असती. मी लाइन कापली. दोन दिवस रस्त्यावर बर्फाचं पाणी वाहत होतं. कारखाना पुन्हा उघडला नाही. त्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडायचा नाही, असं मी मालनला बजावलं आणि तिनं ते ऐकलं असं समजून चाललो.

"एसटीनं गेले असते तर कुणीतरी तुम्हाला सांगितलं असतं," मालन म्हणाली. "गाडी घरात लावली असती तर तुमच्या वहीनं सांगितलं असतं. म्हणून हायवेला लावत होते. माझ्या भिशीतले पैसे होते."

"तिथं करता काय एवढा वेळ?"

"चहा पितो. शेंगा फोडतो. दादा बोलतो, मी ऐकते. मी बोलले तर तो ऐकतो."

मी घरातल्या पाण्याच्या टाकीपासून दूधवाल्याच्या मापापर्यंत सगळ्यावर संशय घेतला होता. मालनवर कधीच घेतला नाही. तिच्यावर भरवसा होता म्हणून नव्हे. तिला असं काही जमेल असंच मला वाटलं नव्हतं, आणि हे कळलं तेव्हा मला तिच्यापेक्षा स्वतःची जास्त लाज वाटली.

"झालं तर मग," येवले सर म्हणाले. "आम्ही निघतो."

"थांबा सर," मालन म्हणाली. "कागद पुरा होऊ दे." तिनं माझ्या हातातलं पॅड घेतलं आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "दादाच्या कागदावर इथं तुम्हीच लिहिलं होतं, 'काही म्हणणे नाही'. तो रडत होता, म्हणून त्याला बोलता येत नव्हतं. कागद त्यानं अजून ठेवलाय. माझं मी लिहिते."

गाडीच्या बॉनेटवर पॅड ठेवून ती सावकाश लिहीत होती. मी आयुष्यात हजारभर पंचनामे केले असतील. तो रकाना मी कधी वाचलेला नव्हता. तो दिवस पहिला.

'घरची वीज स्वस्त आहे. पण तिथं प्रत्येक युनिटामागं एक प्रश्न विचारतात. तो दर मला परवडत नाही. हायवेवर पैसे जास्त घेतात, बाकी काही घेत नाहीत.'

खाली तिनं पूर्ण नाव घालून सही केली. पंचांनीही केली, मान खाली घालून.

केतकी मला एक शब्दही उलटून बोलली नाही. तुषारशीही ती भांडली नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पंधरा दिवसांत तिनं पुणे केंद्रात बदली मागून घेतली. तुषार म्हणाला, आता आम्ही चाकणलाच एकत्र राहू. केतकी म्हणाली, "बघू." सामान टेम्पोत चढलं तेव्हा तिनं चावी मालनच्या हातात दिली. "गाडी आईंना राहू दे. मला तिकडं नको आहे. त्या गाडीत माझं सगळं लिहिलेलं आहे."

त्यानंतर घरात आम्ही दोघंच. मालन मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, आता सांगून जाते. येताना हायवेला थांबते. सांगून जायला लागल्यावरही ती एकतीस रुपयेच देत होती, आणि मला दर वेळी ते बोचत होतं. पैशांसाठी नाही. भिशी तिची आहे.

परवा मंगळवारी ती गेल्यावर मी पक्कड घेऊन पार्किंगमध्ये उतरलो. चार्जरच्या मीटरला मीच ठोकलेलं शिशाचं सील होतं. सील तोडणं हा गुन्हा, हे मी हजारो लोकांना डोळे वटारून सांगितलेलं आहे. सील तुटलं, मीटर काढला, चार्जरची तार सरळ जोडून दिली. वही रद्दीत टाकली. मग प्लास्टिकच्या खुर्चीवर वाट बघत बसलो.

सव्वा वाजता मालन आली. आरशात बघत गाडी मागं घेतली आणि एका दमात दोन खांबांच्या मधे लावली. माझ्याच्यानं हे झालं नसतं.

"आज हायवेला रांग होती," ती म्हणाली. "तशीच आले. आठ टक्के राहिलंय."

"मग इथं लाव ना," मी म्हणालो. "मीटर काढून टाकलाय मी."

तिनं खांबाकडं पाहिलं. मीटरच्या जागी भिंतीवर नुसता चौकोनी डाग होता. तिनं वायर हातात घेतली, तिच्या टोकाकडं पाहिलं, मग वर छताकडं, मग माझ्याकडं.

"मग आता कुठं बसवलाय?" तिनं विचारलं.

"कुठंच नाही. शपथ सांगतो मालन, मी काही केलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली, आणि मोबाइलचा टॉर्च लावून चार्जरच्या पेटीमागं बघायला लागली.